एका घरातल्या दोन आयरिश शाखा

गेल्या दिवाळीत आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. ‘तुझा तो विषय नक्की काय आहे गं?’ हे तिनं पाचव्यांदा विचारलं. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे, असं माझे गाईडही म्हणतात. मी म्हटलं, ‘दीडदोनशे वर्षांपूर्वी जे लोक युरोपातून जहाजानं अमेरिकेला गेले, त्यांच्या नोंदी शोधते. कोण कुठल्या गावचं, कधी निघालं, कुठे पोचलं.’ आजी म्हणाली, ‘म्हणजे त्र्यंबकला उपाध्ये वही काढून आपल्या घराण्याची नावं वाचून दाखवतात, तसंच की.’

बरंचसं तसंच. फरक इतकाच की माझी ‘वही’ एका जागी नाही. तिची पानं दोन खंडांत विखुरली आहेत, त्यातली बरीचशी जळली आहेत, आणि काही माणसांची नावं मुळात लिहिलीच गेली नाहीत. या तिसऱ्या गोष्टीबद्दल मला आज लिहायचंय. पण आधी पहिल्या दोन समजून घेऊ, म्हणजे तिसरी का टोचते ते कळेल.

उदाहरण घेते बराक आणि मिशेल ओबामा यांच्या घराचं. कारण साधं आहे. दोघांच्याही वंशावळी जाहीर आहेत, दोन्हींवर मेगन स्मोलेन्याक या वंशावळ-संशोधक बाईंनी काम केलंय, आणि दोघांच्याही घराण्यात एकेक शाखा आयर्लंडला जाते. दोन्ही शाखांचा माग 1850 या एकाच सालाशी येऊन भिडतो. पुढचं सगळं त्या सालाभोवतीच फिरणार आहे.

मागे जायचं ते एकेक पायरी

वंशावळ शोधताना नवशिका माणूस हमखास एक चूक करतो. आपल्या आडनावाचा कुणीतरी प्रसिद्ध माणूस पकडतो आणि तिथून खाली आपल्यापर्यंत यायला बघतो. हे उलटं आहे. आपल्यापासून सुरुवात करायची आणि एकेक पिढी मागे जायचं. प्रत्येक पायरीला कागद हवा.

बराक ओबामांच्या आईकडून असं मागे गेलं की साखळी अशी लागते. आई ॲन डनहॅम. तिचे वडील स्टॅन्ली डनहॅम. त्यांचे वडील राल्फ डनहॅम. राल्फची आई मेरी ॲन कार्नी, जन्म 1869, इंडियाना राज्यातला. म्हणजे ही ओबामांची खापरपणजी. तिचे वडील फॅल्मथ कार्नी. आपला माणूस हाच.

अमेरिकेच्या हद्दीत हे सगळं फार अवघड नाही. तिथे 1790पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते, आणि 72 वर्षं झाली की तिच्या वह्या सगळ्यांसाठी खुल्या होतात. 1850च्या आधीच्या गणतीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असायचं, बाकीच्यांची नुसती मोजणी. 1850पासून घरातल्या प्रत्येक ‘स्वतंत्र’ माणसाचं नाव, वय आणि जन्मस्थान लिहायला लागले. (हा ‘स्वतंत्र’ शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) 1880पासून आईवडिलांचं जन्मस्थानही विचारू लागले. मध्येच एक मोठं भगदाड आहे. 1890च्या गणतीच्या वह्यांची 1921 साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत वाट लागली आणि उरलेल्या नंतर नष्ट केल्या गेल्या. त्यामुळे 1880वरून थेट 1900वर उडी मारावी लागते. वीस वर्षांत माणसं जन्मतात, लग्नं करतात, गावं बदलतात, आणि आपल्याला काही पत्ता लागत नाही.

तरी फॅल्मथपर्यंत पोचता येतं. अडचण त्यानंतर सुरू होते.

समुद्र ओलांडायचा कसा?

अमेरिकन कागदांत जन्मस्थानाच्या रकान्यात काय लिहिलेलं असतं? ‘आयर्लंड’. बस. शिरगणतीच्या कारकुनाला तेवढंच हवं होतं. नागरिकत्वाचे कागद बघावेत, तर 1906च्या आधी त्यांचा नमुना कोर्टागणिक वेगळा होता, आणि बहुतेकांत देशाच्या नावापलीकडे काही नसतं.

पण नुसतं ‘आयर्लंड’ हाती धरून आयर्लंडमध्ये काहीच सापडत नाही. तिथल्या नोंदी गावच्या चर्चच्या वहीत असतात. ‘महाराष्ट्रातले पाटील शोधून द्या’ असं कुणी म्हटलं तर आपण काय करू? विचारू, ‘अहो, कुठल्या गावचे?’ तस्संच. म्हणून गावाचं नाव हीच या सगळ्या शोधाची किल्ली असते. ती कधी थडग्याच्या दगडावर कोरलेली असते, कधी वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातमीत, कधी घरातल्या बायबलच्या पहिल्या पानावर, कधी जपून ठेवलेल्या पत्राच्या पाकिटावर. सरकारी कागदात ती क्वचितच असते. म्हणजे ज्या घरात कुणीतरी चिठ्ठ्याचपाट्या जपल्या, त्याच घराला बहुधा आपलं गाव सापडतं.

आणि जहाजांच्या याद्या? 1819च्या कायद्यानं प्रत्येक जहाजाच्या कप्तानाला प्रवाशांची यादी अमेरिकन बंदरात द्यावी लागायची. माझं निम्मं आयुष्य सध्या या याद्यांत चाललंय. फॅल्मथ कार्नी असाच एका यादीत सापडतो. लिव्हरपूलहून निघालेलं ‘मार्मिऑन’ हे जहाज 20 मार्च 1850ला न्यूयॉर्कला पोचलं. त्यात तो होता. वय 19.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण दर व्याख्यानानंतर कुणीतरी विचारतंच. ‘एलिस बेटावरच्या कारकुनांनी आमच्या पणजोबांचं आडनाव बदललं’ ही गोष्ट अमेरिकेत हजारो घरांत सांगतात. फॅल्मथ आला तेव्हा एलिस बेटावरचं केंद्र नव्हतंच. ते सुरू झालं 1892 साली. त्याआधीचं कॅसल गार्डन 1855चं. फॅल्मथच्या वेळी लोक सरळ धक्क्यावर उतरून शहरात जायचे. आणि एलिस बेट सुरू झाल्यावरही तिथले कारकून नावं नव्यानं लिहीत नव्हते. निघालेल्या बंदरात तयार झालेल्या यादीशी ते माणूस ताडून बघायचे. आडनावं बदलली ती बहुतेक नंतर. शाळेत, कारखान्यात, शेजाऱ्यांच्या तोंडी, किंवा माणसानं स्वतःच ठरवून. कार्नीचंच बघा, कानाला आलं तसं लिहिणाऱ्या कारकुनांमुळे या आडनावाची स्पेलिंगं वहीगणिक वेगळी दिसतात. म्हणून शोधताना स्पेलिंगला चिकटून बसायचं नसतं. आडनावाबरोबर वय, बायको-मुलांची नावं आणि शेजारी जुळतात का ते बघायचं असतं.

जळालेली खोली आणि वाचलेली वही

आता आयर्लंडकडे वळू. फॅल्मथचा जन्म साधारण 1831चा. आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली 1864 साली, म्हणजे तिचा उपयोग नाही. शिरगणती? तिथेही 1821पासून व्हायची. पण डब्लिनमधल्या ‘फोर कोर्ट्स’ इमारतीच्या आवारात सरकारी दप्तरखाना होता आणि 30 जून 1922 रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, तो स्फोट आणि आगीत उद्ध्वस्त झाला. कागदांचे अर्धवट जळके तुकडे शहरभर उडत होते. 1821 ते 1851 या चार गणत्यांच्या जवळजवळ सगळ्या वह्या तिथे गेल्या. पुढच्या चार गणत्यांच्या वह्या तर सरकारनं स्वतःच नष्ट केल्या होत्या. त्यातल्या शेवटच्या दोन पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करून टाकल्या. अख्ख्या देशाची शिरगणती आज मिळते ती थेट 1901 आणि 1911ची.

त्याच आगीत चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट पंथाच्या हजाराच्या आसपास पॅरिशांच्या वह्याही गेल्या. सुरक्षित राहाव्यात म्हणून त्या गावागावांतून गोळा करून डब्लिनला आणल्या होत्या! ज्या गावांनी वह्या आपल्याकडेच ठेवल्या, त्यांच्या वाचल्या. दप्तर एका जागी आणलं की सांभाळायला सोपं, आणि जाळायलाही सोपं. माझ्या टेबलावर हे वाक्य चिकटवून ठेवलंय.

कार्नी कुटुंब याच पंथाचं. त्यांचं गाव मनीगॉल, ऑफली परगण्यातलं, जेमतेम तीनशे वस्तीचं. 2007 साली, ओबामांचा प्रचार सुरू असताना, तिथल्या रेक्टरांनी टेम्पलहॅरी पॅरिशच्या जुन्या वह्या चाळल्या आणि त्यात कार्नी कुटुंबाच्या नोंदी मिळाल्या. फॅल्मथचे वडील जोसेफ, धंदा चांभाराचा. पुढच्या संशोधनात आणखी मागची पिढी सापडली, ती अठराव्या शतकातल्या डब्लिनमध्ये केसांचे टोप बनवणारी.

मग हे लोक निघाले का? बटाट्यावरच्या रोगानं 1845पासून आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला. 1841च्या गणतीत देशाची लोकसंख्या सुमारे 82 लाख होती, 1851ला ती साडेपासष्ट लाखांवर आली. दहाएक लाख माणसं मेली, तेवढीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. पण दुष्काळ सगळ्यांवर होता आणि सगळे काही गेले नाहीत. जाण्यासाठी पैसा लागतो, आणि पलीकडे कुणीतरी लागतं. जोसेफचा भाऊ फ्रान्सिस आधीच ओहायोमध्ये होता. 1848मध्ये तो वारला आणि तिथली जमीन जोसेफच्या वाट्याला आली. जोसेफ पुढच्या वर्षी गेला, त्याच्यामागून मुलगा फॅल्मथ. अभ्यासात याला साखळी-स्थलांतर म्हणतात. आपल्याकडे कोकणातून गिरणगावात माणसं आली ती अशीच, आधी मामा, मग भाचा, मग भाच्याचा धाकटा भाऊ.

तर फॅल्मथची गोष्ट इथे पूर्ण झाली. नाव, वय, जहाजाचं नाव, पोचल्याची तारीख, गाव, बापाचा धंदा, आणि येण्याचं कारण. एकोणीस वर्षांच्या एका साध्या पोराबद्दल हे एवढं आपल्याला माहीत आहे.

त्याच साली, दुसरा कागद

आता मिशेल ओबामांकडे येऊ. त्यांच्या आईच्या वडिलांकडून मागे गेलं की पाचव्या पायरीवर येते मेल्व्हिनिया. खापरपणजोबांची आई. म्हणजे फॅल्मथच्या बरोबर समोरची पिढी.

मेल्व्हिनियाचा पहिला कागद आहे 1850चा. साऊथ कॅरोलायनातल्या एका म्हाताऱ्या मळेवाल्यानं त्या वर्षी मृत्युपत्र केलं. त्यात सूतकताईची चाकं आहेत, विळे आहेत, टेबलावर अंथरायची कापडं आहेत, गुरं आहेत, आणि एक मुलगी आहे. वय साधारण सहा. नंतर मालमत्तेची किंमत लावताना तिची किंमत धरली 475 डॉलर. मालक वारल्यावर तिला जॉर्जियात त्याच्या मुलीच्या घरी, म्हणजे शील्ड्स कुटुंबाकडे, पाठवलं गेलं.

फॅल्मथच्या बापाला वारसा मिळाला. मेल्व्हिनिया वारशात मिळाली.

मघाशी ‘स्वतंत्र’ हा शब्द लक्षात ठेवायला सांगितला होता. 1850 आणि 1860च्या शिरगणतीत गुलामांसाठी वेगळं रजिस्टर होतं. त्यात मालकाचं नाव आणि त्याखाली ओळीनं वय, लिंग, वर्ण. नाव नाही. गुलामगिरी संपल्यानंतरची पहिली गणती 1870ची, आणि या लाखो माणसांची नावं राष्ट्रीय दप्तरात एकत्र पहिल्यांदा येतात ती तेव्हा. म्हणून कृष्णवर्णीय अमेरिकन घराण्यांचा शोध घेणारे ‘1870ची भिंत’ असं म्हणतात. त्या भिंतीपलीकडे बघायचं असेल तर मालकाची कागदपत्रं शोधावी लागतात. मृत्युपत्रं, कर्जखतं, मालमत्तेच्या याद्या. आपल्या पणजीची आई शोधायला गुरांच्या यादीत जायचं. हे काम करताना माझ्या ओळखीचे दोघंतिघं मध्येच उठून बाहेर गेलेले मी पाहिलेत.

1870च्या गणतीत मेल्व्हिनिया नावानं सापडते. जॉर्जियातच राहते, शेतात मजुरी करते, चार मुलं आहेत. त्यातल्या तिघांच्या नावापुढे वर्णाच्या रकान्यात ‘मुलॅटो’ म्हणजे मिश्र वर्ण असं लिहिलंय. आडनाव शील्ड्स. तिचा मुलगा डॉल्फस पुढे अलाबामातल्या बर्मिंगहॅमला गेला, सुतारकाम केलं, आणि 1950 साली वारला. मेल्व्हिनिया स्वतः 1938पर्यंत जगली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांच्या नावाचा रकाना आहे. त्यात नातेवाइकानं लिहून दिलंय, ‘माहीत नाही’.

डॉल्फसचा बाप कोण? 2009 साली न्यूयॉर्क टाइम्सच्या रेचल स्वार्न्स आणि स्मोलेन्याक यांनी ही शाखा उजेडात आणली तेव्हा एवढंच म्हणता येत होतं की कुणीतरी गोरा माणूस. कागद त्याच्या पुढे जात नव्हता. मग डीएनए चाचण्या झाल्या. डीएनए नाव सांगत नाही. दोन जिवंत माणसांत किती अंश समान आहे, तेवढंच सांगतो. बाकीचं काम परत कागदानंच करायचं. तुमच्याशी जुळणारा माणूस कोणाचा वंशज, आणि त्या दोन झाडांच्या फांद्या कुठे भेटू शकतात? शील्ड्स घराण्यातल्या गोऱ्या आणि काळ्या अशा दोन्ही बाजूंच्या वंशजांनी चाचण्या दिल्या आणि त्या जुळल्या. स्वार्न्स यांनी 2012च्या पुस्तकात निष्कर्ष काढला की मालकाचा मुलगा चार्ल्स शील्ड्स हा डॉल्फसचा बाप असण्याची दाट शक्यता आहे. आणि त्या शील्ड्स घराण्याचा माग घेत गेलं की अँड्र्यू शील्ड्स लागतो. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेला, आयर्लंडहून आलेला प्रॉटेस्टंट स्थलांतरित.

तर अशी ही एका घरातली दुसरी आयरिश शाखा.

इथे संशोधक म्हणून एक गोष्ट सांभाळावी लागते. चार्ल्स आणि मेल्व्हिनिया यांच्यात काय घडलं, हे एकाही कागदात नाही. पण ती कायद्यानं त्या घराची मालमत्ता होती आणि नाही म्हणायचा हक्क तिला नव्हता, हे मात्र कागदावर आहे. म्हणून यावर ‘प्रेमकहाणी’ लिहिणाऱ्यांपासून लांब राहायचं.

मुळं म्हणजे नक्की काय?

23 मे 2011ला बराक ओबामा मनीगॉलला गेले. गावातल्या पबमध्ये गिनेसचा ग्लास उचलला, दूरच्या भावंडांना भेटले, आणि डब्लिनच्या भाषणात आपल्या आडनावातला हरवलेला ‘ओ’नंतरचा स्वल्पचिन्ह शोधायला आलोय असा विनोद केला. (ओब्रायन, ओकॉनर या आयरिश आडनावांत ते चिन्ह असतं.) आता हमरस्त्यावर त्यांच्या नावाचा थांबाही आहे. गमतीची आणि आनंदाची गोष्ट आहे, मला त्यात काही वावगं वाटत नाही.

पण जरा हिशोब करा. आईवडील 2, आजी-आजोबा 4, मग 8, 16, आणि फॅल्मथच्या पिढीला 32. म्हणजे फॅल्मथ कार्नी हा बत्तिसातला एक. बाकी 31 जण कुठे आहेत? काही इंग्लंडकडचे आहेत, काही जर्मनीकडचे. वडिलांकडचे सोळा केनियातले, त्यांची परंपरा तोंडी नावांच्या माळेतून चालत आली. त्या सोळांच्या वाट्याला ना जहाजाची यादी आली, ना पॅरिशची वही. म्हणून शोधयंत्रात ते सहज सापडत नाहीत.

माझ्या संशोधनातून मला हेच म्हणायचंय. आपण ज्याला घराण्याचं मूळ म्हणतो, ते बऱ्याचदा जिथे कागद टिकला तिथलं मूळ असतं. झाडाचा आकार हा दप्तराचा आकार असतो. युरोपातली मुळं सापडतात याचं मोठं कारण हे की तिथे कुणीतरी चांभाराच्या पोराचंही नाव लिहून ठेवलं. आणि जिथे नाव लिहिलं नाही तिथे मूळ नव्हतं असं होत नाही. म्हणून मी आता माझ्या प्रत्येक वंशावळीत न सापडलेल्या माणसांसाठी रिकामा चौकोन काढून ठेवते. तो पुसून टाकत नाही. गाईड म्हणाले, आकृती फार पसरट दिसते. दिसू दे.

हे सगळं मी आजीला थोडक्यात सांगितलं. मेल्व्हिनियाच्या दाखल्यावरचं ‘माहीत नाही’ ऐकून ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘आपल्या घरातल्या त्या लांबलचक वंशावळीत माझ्या आईचं नाव आहे का गं? तुझ्या आजोबांच्या आईचं?’

मी फाईल उघडून बघितलं. नऊ पिढ्या आहेत. सगळे पुरुष. एकही बाई नाही.

मग आम्ही दीड तास बसलो. तिच्या आईचं माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव, तिच्या आईचं नाव. आजेसासूचं नाव तिला आठवेना. सगळे त्यांना नुसतं ‘काकू’ म्हणायचे म्हणे. मी तिथे चौकोन काढला, आत ‘काकू’ लिहिलं, आणि खाली तारीख आणि आजीचं नाव घातलं, सांगणारी म्हणून. तुमच्या घरात विचारण्यासारखं कुणी असेल, तर या रविवारी फोन करा. वही नसली तरी चालेल, मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि कोणी सांगितलं ते लिहायला विसरू नका.